डॉक्टर लिव्हिंगस्टन यांची दोन थडगी आणि नाशिकचे तरुण

मनुष्याने कोठे जन्म घ्यावा हे त्याच्या हाती नाही, आणि कोठे देह ठेवावा हेही नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेचा प्रवास आटोपून परत येत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी वारले. अर्नो नदीच्या तीरी त्यांच्या देहास अग्नी देण्यात आला, व तेथे त्यांची छत्री उभी आहे. राजा राममोहन रॉय दिल्लीच्या बादशहाचे वकील होऊन इंग्लंडास गेले, ते १८३३ साली ब्रिस्टल शहरी मरण पावले व तेथील मातीतच राहिले. परमुलखात वारलेल्या अशा थोर पुरुषांची स्थाने पुष्कळ आहेत. परंतु ज्यांचे हृदय एका खंडात व देह दुसऱ्या खंडात पुरला आहे, आणि ज्यांचा देह वाहून नेणाऱ्यांत आपल्या नाशिकजवळच्या शरणपुरात शिकलेले ख्रिस्ती तरुण होते, अशा एका पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. ते पुरुष म्हणजे डॉक्टर डेव्हिड लिव्हिंगस्टन होत.

त्यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडातील ब्लँटायर गावी झाला. घरची गरिबी असल्यामुळे वयाच्या दहाव्या वर्षीच ते कापसाच्या गिरणीत कामास लागले. दिवसभर सुताचे तुटलेले धागे जोडावे आणि रात्री शाळेत बसावे, असा त्यांचा क्रम होता. पुढे त्यांनी वैद्यकाचा अभ्यास पुरा केला, आणि लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने १८४१ साली ते दक्षिण आफ्रिकेत दाखल झाले. तेथे एका सिंहाने त्यांना धरून त्यांच्या डाव्या हाताचे हाड मोडले. ते हाड नीट जुळलेच नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण तिचे काम पुढे आहे.

१८४५ साली त्यांनी मिशनरी मॉफट यांची कन्या मेरी हिच्याशी विवाह केला. बाप्तिस्मा दिलेल्यांची संख्या मोजून त्यांचे मोल ठरवू गेल्यास हाती फारच थोडे लागेल. सेचेले नावाच्या एका राजाचा बाप्तिस्मा १८४८ साली झाला, आणि थोड्याच काळात तोही पापात पडला. तरी पुढे ह्याच सेचेलेने आपल्या लोकांत वर्षानुवर्षे शुभवर्तमान सांगितले. आपल्या खेड्यांतील ज्या उपदेशकांस पेरलेले उगवताना दिसत नाही, त्यांनी ह्याचा विचार करावा.

ह्यानंतर लिव्हिंगस्टन साहेबांनी आफ्रिका खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत पायी व होडीने ओलांडले, आणि १८५६ साली ते मायदेशी परतले तेव्हा त्यांचे नाव घरोघरी झाले होते. १८५८ साली इंग्लंडच्या सरकारने त्यांस पूर्व किनाऱ्यावरील आपला कॉन्सल, म्हणजे राजप्रतिनिधी नेमून झांबेझी नदीच्या मोहिमेवर पाठविले. ह्या मोहिमेस यश आले नाही. नदीत धबधबे व खडक निघाले, सोबत्यांत कलह झाले, तापाने माणसे दगावली. त्यांची पत्नी मेरी २७ एप्रिल १८६२ रोजी शुपांगा येथे वारली. एका गोरखचिंचेच्या झाडाखाली तिला पुरले. त्यांचा मुलगा रॉबर्ट अमेरिकेतील यादवी युद्धात सापडून १८६४ साली तेथील कैद्यांच्या छावणीत मरण पावला. असे हे घराणे तीन खंडांत विखुरले गेले. आपल्या मुलांच्या वाट्यास आपण फार थोडे आलो, ही टोचणी साहेबांस अखेरपर्यंत होती.

आता नाशिकचा संबंध सांगू. त्या काळी अरब व इतर व्यापारी आफ्रिकेतील गावे लुटून माणसांस गळ्यात खोडे घालून किनाऱ्यावर आणीत आणि गलबतांत कोंबून विकावयास नेत. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी अशी गलबते पकडून सोडविलेली पुष्कळ मुले मुंबईस आणली जात. त्यांपैकी अनेकांस चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळच्या शरणपुरात आश्रय दिला. ही ख्रिस्ती वस्ती रेव्हरंड प्राइस साहेबांनी वसविली होती. तेथे ही मुले लिहिणे वाचणे, सुतारकाम व लोहारकाम शिकत, आणि प्रार्थनामंदिरात मराठी मंडळीबरोबर बसत. ज्यांचे आईबाप, गाव व भाषा हिरावली गेली होती, त्यांस शरणपूर हेच गाव झाले.

१८६४ साली लिव्हिंगस्टन साहेब आपली लहानशी आगबोट स्वतः हाकीत हिंदी महासागर ओलांडून मुंबईस आले. बोटीवर चुमा व सूसी हे दोन आफ्रिकी तरुण होते. चुमास त्यांनी १८६१ साली गुलामांच्या तांड्यातून सोडविले होते. मुंबईस तो डॉक्टर विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत राहिला व पुढे त्याचा बाप्तिस्मा झाला. १८६५ साली साहेब पुन्हा आले. त्यांनी बोट विकली, नाशिकास भेट दिली, आणि पुढील प्रवासासाठी शरणपूरचे नऊ तरुण निवडले. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईहून झांजीबारास निघाली. ह्या नऊ जणांपैकी सर्वच अखेरपर्यंत टिकले असे नाही. कोणी आजाराने मेला, एक मारला गेला, कित्येक कंटाळून सोडून गेले. परंतु एडवर्ड गार्डनर ह्यासारखे शेवटपर्यंत राहिले. मिशनच्या शाळेत शिकल्याने कोणी आपोआप विश्वासू होत नाही, हे ह्यावरून दिसते.

साहेबांची बरीच वर्षे खबर नव्हती. १८७१ साली स्टॅन्ली नावाच्या अमेरिकी वर्तमानपत्राच्या बातमीदाराने त्यांस उजिजी गावी शोधून काढले. त्याने किनाऱ्यावर परतून जी नवी माणसे १८७२ साली साहेबांकडे पाठविली, त्यांत नाशिकचे आणखी काही तरुण होते. त्यांपैकी एक जेकब वेनराइट, म्हणजे आपल्या शास्त्रातील नावाप्रमाणे याकोब. दुसरे मॅथ्यू वेलिंग्टन व कॅरस फॅरर हे होत.

ऑगस्ट १८७२ मध्ये साहेब ह्या मंडळीसह दक्षिणेकडे निघाले. पावसाने मुलूख दलदल झाला होता. आतड्यांच्या दुखण्याने त्यांचे शरीर पोखरले होते, आणि अखेरीस माणसांनी त्यांस डोलीत घालून नेले. आजच्या झांबिया देशात चितांबो नावाच्या राजाच्या गावी त्यांच्यासाठी एक झोपडी बांधण्यात आली. १ मे १८७३ रोजी पहाटेपूर्वी सोबत्यांनी आत पाहिले, तो ते बिछान्याशी गुडघे टेकून, डोके हातांवर ठेवून होते. प्रार्थना करीत असतील असे समजून ते थोडे थांबले. मग एकाने गालास हात लावून पाहिला, तो देह थंड झाला होता.

आता त्या सुमारे साठ माणसांनी काय करावे? गोरा माणूस एकही नव्हता. किनारा हजार मैलांहून दूर होता. प्रेत गावातून नेणे हे त्या मुलखात मोठे अशुभ मानीत. त्यासाठी दंड होई, मारामारीही होई. धनी मेला होता व पगार कोण देईल हे ठाऊक नव्हते. तेथेच पुरून घरी परतले असते तर त्यांस कोणी दोष दिला नसता. इतकेच नव्हे, १८६८ साली अरण्यात एक एकाकी थडगे पाहून साहेबांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले होते की आपणासही असेच शांत रानातले विश्रांतिस्थान आवडेल. तरी त्या सर्वांनी एकमताने ठरविले की साहेबांचा देह व त्यांचे कागद समुद्रापर्यंत पोहोचवावयाचे.

चितांबो राजा चांगला निघाला. दंड न मागता त्याने आपल्या लोकांसह शोक केला. एका डॉक्टरच्या घरी काम केलेल्या फारिजालाने फॅररच्या मदतीने देह उघडला. हृदय व आतडी एका पत्र्याच्या पेटीत घालून एका मोठ्या झाडाखाली पुरण्यात आली. जेकब वेनराइटने प्रार्थनेचे पुस्तक उघडून मृतास मूठमाती देण्याची उपासना चालविली. नाशिकास जी उपासना त्याने ऐकली होती, तीच त्याने आफ्रिकेच्या अंतर्भागात वाचली. मग त्याने झाडाच्या खोडावर साहेबांचे नाव व तारीख कोरली. रानातल्या वणव्याने झाड जळू नये म्हणून सभोवतालचे गवत काढीत जावे, अशी विनंती त्यांनी चितांबोस केली.

देहास मीठ लावून तो चौदा दिवस उन्हात वाळविला. मग तो कापडात गुंडाळून, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घालून, वरून शिडाचे कापड शिवून, एका काठीस बांधला, आणि दोघा दोघांच्या खांद्यावर ते ओझे निघाले.

हा प्रवास सुमारे नऊ महिने चालला. ऑक्टोबरात उन्यान्येंबे येथे लेफ्टनंट कॅमेरॉन नावाचे इंग्रज अधिकारी भेटले. पुढचा मुलूख धोक्याचा असल्याने प्रेत येथेच पुरावे असे त्यांनी सुचविले. ह्या माणसांनी नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. पुढे एका ठिकाणी गावकरी प्रेत जाऊ देईनात. तेव्हा चुमा व सूसी यांनी जोंधळ्याच्या ताटांचे प्रेतासारखे गाठोडे करून ते परत पुरावयास पाठविल्याचा देखावा केला, आणि खरा देह व्यापाऱ्याच्या मालासारखा बांधून पुढे नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयो बंदरी पोहोचले व त्यांनी देह इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती दिला. पगार देऊन बहुतेकांस तेथूनच निरोप देण्यात आला.

जेकब वेनराइट मात्र चर्च मिशनरी सोसायटीच्या खर्चाने देहासोबत इंग्लंडास गेला. १५ एप्रिल रोजी बोट साउदॅम्प्टन बंदरास लागली. हा देह लिव्हिंगस्टन साहेबांचाच कशावरून, अशी शंका कित्येकांस होती. शस्त्रवैद्य फर्ग्युसन यांनी डावा बाहू तपासला, तो सिंहाने मोडलेले व न जुळलेले हाड तसेच सापडले. शंका मिटली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनातील वेस्टमिन्स्टर ॲबी ह्या मंदिरात, जेथे पूर्वीचे राजे व प्रधान पुरलेले आहेत, तेथे गिरणीत धागे जोडणाऱ्या त्या मुलास पुरण्यात आले. शवपेटीच्या सन्मानाचे मानकरी आठ होते. सात गोरे, आणि आठवा शरणपूरचा जेकब वेनराइट.

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध साहेबांनी आयुष्यभर लेखणी झिजविली. त्यांच्या मृत्यूनंतर जेमतेम महिनाभराने, जून १८७३ मध्ये, झांजीबारच्या सुलतानाने तहावर सही करून तेथील गुलामांचा बाजार बंद केला. ही वार्ता त्यांस कळली नाही. त्या बाजाराच्या जागेवर पुढे ख्रिस्तमंदिर उभे राहिले. चितांबोच्या झाडाचे नाव कोरलेले खोड १८९९ साली लंडनास नेण्यात आले, आणि त्या झाडाच्या लाकडाचा एक वधस्तंभ झांजीबारच्या मंदिरात आहे. झाडाच्या जागी १९०२ साली स्मारक बांधण्यात आले. शरणपूरचे कित्येक आफ्रिकी ख्रिस्ती जन पुढे मोंबासाजवळ फ्रेअरटाउन नावाच्या नव्या वस्तीत गेले व तेथील मंडळीचे आधार झाले. चुमा १८८२ साली वारला. सूसीने १८८६ साली बाप्तिस्मा घेतला व डेव्हिड हे नाव धारण केले. जेकब वेनराइट आफ्रिकेत परतला व १८९२ साली उरांबो येथे मरण पावला.

प्रिय बंधुभगिनींनो, शास्त्रात याकोब मिसर देशात मरण पावला तेव्हा योसेफाने त्याचा देह कनानात नेऊन मकपेलाच्या गुहेत पुरला. पुढे योसेफाच्या अस्थी मोशेने अरण्यातून नेल्या, आणि त्या शखेमात पुरण्यात आल्या. त्या वाहणाऱ्या माणसांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. लिव्हिंगस्टन साहेबांचा देह वाहणाऱ्या बहुतेकांची नावेही लोक विसरले आहेत. त्या वाटेवर जे मेले त्यांच्या कबरीवर दगड नाही. परंतु खुद्द मोशेचेही थडगे कोणास ठाऊक नाही, आणि म्हणून देवाने त्यास विसरले असे नाही.

आपल्या खेड्यात कोणी गरीब विश्वासी मरतो. खांदेकरी मिळत नाहीत, जागेची अडचण असते, पाळकसाहेब तालुक्याच्या गावी असतात. तेव्हा मंडळीचा उपदेशक पुस्तक उघडतो व उपासना चालवितो. जेकब वेनराइटने चितांबोच्या झाडाखाली जे केले, तेच तो करीत असतो. ते काम त्याने तितक्याच आदराने करावे, आणि मंडळीने त्या कबरीभोवतीचे गवत दर वर्षी काढावे.