आजीचे नाव, आजीचे केस



‘थ्री मस्केटिअर्स’ची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल किंवा सिनेमात पाहिली असेल. ती लिहिणाऱ्या अलेक्झांडर ड्यूमा यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

ड्यूमांचा जन्म २४ जुलै १८०२ रोजी फ्रान्समधल्या व्हिलेर-कोतरे या गावी झाला. त्यांचे आजोबा फ्रेंच उमराव होते. आजी मारी-सेसेट ही आफ्रिकी वंशाची. आजच्या हैतीत ती गुलाम होती. या दोघांचा मुलगा, म्हणजे ड्यूमांचे वडील, फ्रेंच सैन्यात जनरल झाले. पण ड्यूमा चार वर्षांचे होण्याआधीच वडील वारले. आईने हलाखीत मुलाला वाढवले.

१८१४ मध्ये नेपोलियनची सत्ता गेली आणि राजघराणे परत आले. आता आजोबांचे उमरावी नाव लावले असते तर मोठ्यांचा आश्रय मिळाला असता. आईने निवड मुलावर सोपवली. जेमतेम बारा वर्षांच्या त्या मुलाने ड्यूमा हेच नाव ठेवले. वडिलांनी लावलेले हे नाव मुळात आजीचे होते.

लहानपणी ड्यूमांचे डोळे निळे आणि केस लांब, सोनेरी होते. पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते केस राठ आणि बारीक कुरळे होऊ लागले. नावापाठोपाठ आजी केसांतही दिसू लागली!

पुढे पॅरिसमध्ये नाटके आणि कादंबऱ्या लिहून त्यांनी मोठी कीर्ती मिळवली. तरी व्यंगचित्रकार त्यांचे केस आणि ओठ मुद्दाम मोठे काढून लोकांना हसवत. ड्यूमा लिहीत राहिले. १८४३ च्या ‘जॉर्ज’ या कादंबरीत त्यांनी मॉरिशसमधला मिश्र वंशाचा तरुण नायक केला. १८५५ मध्ये नादार यांनी काढलेल्या छायाचित्रात ड्यूमा आपल्या कुरळ्या केसांनिशी ऐटीत बसले आहेत.

५ डिसेंबर १८७० रोजी ते वारले. २००२ मध्ये फ्रान्सने त्यांच्या अस्थी सन्मानाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये आणल्या. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ड्यूमांना सोसाव्या लागलेल्या वर्णद्वेषाचा उल्लेख केला.

परदेशात वाढणाऱ्या आपल्या काही मुलांची आई मराठी, तर बाबा दुसऱ्या वंशाचे असतात; काहींचे याच्या उलट. केस असे का, हे त्यांना शाळेत हमखास विचारले जाते. पालकहो, मूल हा प्रश्न घरी घेऊन आले, तर केस सरळ करायला नेण्याआधी ते कोणाकडून आले हे सांगूया. त्या आजीचे किंवा आजोबांचे नावही सांगूया.