कुंभारीण माशीचे शास्त्र मांडणारे लेफ्टनंट कर्नल बिंगहॅम

वारंगा फाटा परिसरात गोठ्याच्या भिंतीवर, विहिरीवरच्या स्टार्टर पेटीत मातीची लहान गाडगी चिकटलेली दिसतात. गांधीलमाशीचे घर समजून ती फोडली जातात. फोडण्याआधी ते घर कोणाचे, हे पाहावे. भारतातील अशा माश्यांची ओळख आणि वर्गवारी एका ग्रंथात मांडली ती चार्ल्स थॉमस बिंगहॅम (१८४८–१९०८) यांनी.

बिंगहॅम आयरिश घराण्यातले लष्करी अधिकारी. मुंबईच्या आणि नंतर बंगालच्या स्टाफ कोअरमध्ये त्यांनी नोकरी केली. आधी त्यांना नाद होता पक्ष्यांचा. १८७७ मध्ये ब्रह्मदेशात बदली झाली, वनखात्याचे काम हाती आले आणि त्यांचे लक्ष कीटकांकडे वळले. १८९४ मध्ये निवृत्त होऊन ते पत्नी व पाच मुलांसह लंडनला गेले. तेथील ब्रिटिश म्युझियमच्या कीटक विभागात ते बिनपगारी काम करत. जगभरातून आलेल्या डंखवाल्या माश्यांचे नमुने लावणे, त्यांची यादी करणे, हे ते काम.

आपल्याकडच्या बऱ्याच कुंभारीण माश्यांना नावे आधीच मिळाली होती. डेन्मार्कचे फॅब्रिशियस, स्वित्झर्लंडचे सॉसुर यांनी युरोपात बसून ती दिली. पण वर्णने वेगवेगळ्या ग्रंथांत, लॅटिन-फ्रेंचमध्ये विखुरलेली. हाती आलेली माशी कोणती, हे भारतातल्या माणसाने ठरवायचे कसे? बिंगहॅम यांचा १८९७ चा खंड या कामासाठी होता. त्यात भारत, श्रीलंका व ब्रह्मदेशातील गांधीलमाश्या, कुंभारणी आणि मधमाश्या आहेत, आणि एकेक लक्षण तपासत जातीपर्यंत पोहोचण्याच्या किल्ल्याही आहेत.

त्यातला एक भेद शेतकऱ्याला आजही उपयोगी आहे. बसल्यावर जी माशी पंखांची लांबीत घडी घालते तिचा गट वेगळा. जिचे पंख सपाट राहतात तिचा वेगळा. कुंभारीण पहिल्या गटातली. ती अळ्यांना डंख मारून लुळ्या करते आणि पिल्लासाठी गाडग्यात भरते. मातीचीच घरे करणारी, लांब बारीक कमरेची दुसरी माशी पंख सपाट ठेवते आणि कोळी भरते. कोळी पिकातल्या किडी खातात, म्हणून दोघींचा हिशेब एक नाही. गांधीलमाशीही पंखांची घडी घालते, पण तिचे पोळे कागदासारखे असते आणि ती घोळक्याने राहते. कुंभारीण एकटी असते आणि सहसा डंख मारत नाही.

एवढ्यावर सोयाबीनची फवारणी टाळता येईल, असे मी म्हणणार नाही. अळी मोजूनच निर्णय घ्यावा. पण गोठ्यातले गाडगे राहू द्यायला खर्च काहीच नाही. छिद्र पडलेले घर बहुधा रिकामे असते. स्टार्टर पेटीतले घर मात्र वीज बंद करून काढावे.

१९०३ मध्ये बिंगहॅम यांचा मुंग्या व हिरव्या-निळ्या चमकदार माश्यांवरचा खंड आला. या चमकदार माश्यांतल्या काही कुंभारणीच्याच घरात अंडी घालतात. १९०५ पासून ते या ग्रंथमालेचे संपादक होते. त्याच काळात त्यांचे फुलपाखरांचे दोन खंड निघाले. ऑक्टोबर १९०८ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले.

कृषी सहायकांनी हा ग्रंथ चाळताना नावांकडे लक्ष द्यावे. बिंगहॅम यांनी 'यूमेनिस' प्रजातीत ठेवलेल्या काही जाती आता 'डेल्टा' प्रजातीत मोडतात. त्यांनी वेगळे मानलेले कुंभारणीचे कुळही आता गांधीलमाशीच्या कुळातच धरले जाते.