अँड्र्यू कार्नेजी आणि त्याचे कामगार

गरिबींतून वर आलेल्या मुलांच्या ज्या गोष्टी आम्ही वर्गांत सांगतों, त्यांत अँड्र्यू कार्नेजी याची गोष्ट हटकून येते. पोलादाच्या धंद्यांत अलोट संपत्ति मिळवून ती त्यानें जिवंतपणींच वांटून टाकिली, हें सर्वश्रुत आहे. परंतु ही गोष्ट आम्ही आजवर अर्धीच सांगत आलों, असें अलीकडे आमच्या मनास वारंवार वाटूं लागलें आहे. म्हणून या अंकांत ती पुरी सांगण्याचें योजिलें आहे.

स्कॉटलंडांतील डन्फर्मलिन या गांवीं २५ नोव्हेंबर १८३५ रोजीं त्याचा जन्म झाला. बाप विल्यम हा हातमागावर लिननचें नक्षीदार कापड विणीत असे. घराच्या खालच्या दालनांत माग आणि वर एका खोलींत सर्व संसार. वाफेवर चालणारे माग आले आणि आमच्या इकडील कोष्टी-साळ्यांवर गिरणीच्या कापडानें जो प्रसंग आणिला तोच या कुटुंबावर ओढवला. गांवाला लागून पिटनक्रीफ नांवाचें एका जमीनदाराचें रम्य उपवन होतें. वर्षांतून एकदां तें गांवकऱ्यांसाठीं खुलें होई. परंतु अँड्र्यूच्या आजोळच्या माणसांनीं मालकाशीं वहिवाटीचा तंटा मांडिला होता, म्हणून त्या घरच्या मुलांना तेवढी आंत जाण्याची बंदी होती. इतर मुलें आंत हुंदडत असतां हा मुलगा भिंतीबाहेर उभा राही. हें शल्य त्याच्या मनांतून कधींहि गेलें नाहीं.

१८४८ सालीं एका स्नेही बाईकडून वीस पौंड उसने घेऊन हें कुटुंब अमेरिकेस गेलें व पिट्सबर्गच्या पलीकडील अॅलेघेनी येथें राहिलें. आई जोडे शिवूं लागली. तेरा वर्षांचा अँड्र्यू सुताच्या गिरणींत कांड्या पुरविण्याच्या कामास लागला. उजाडण्यापूर्वीं घर सोडावें, अंधार पडल्यावर परतावें, आणि आठवड्याला एक डॉलर वीस सेंट घेऊन यावे. पुढें कोट्यवधि डॉलर हातांतून गेले, तरी आईच्या हातीं ठेवलेल्या त्या पहिल्या मजुरीइतका आनंद दुसऱ्या कोणत्याहि मिळकतीनें झाला नाहीं, असें त्यानें आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. आम्हांस त्याकडे पुन्हा वळावयाचें आहे.

पुढें तो तारखात्यांत निरोप्या झाला. त्या गांवीं कर्नल अँडरसन नांवाचे एक सद्गृहस्थ होते. त्यांनीं आपलीं सुमारें चारशें पुस्तकें कामकरी मुलांना दर शनिवारीं वाचावयास देण्याचा परिपाठ ठेविला होता. कांहीं दिवसांनीं व्यवस्था बदलली, व उमेदवारी करणाऱ्या मुलांखेरीज इतरांस वर्षाला दोन डॉलर वर्गणी पडेल असें ठरलें. अँड्र्यूनें वर्तमानपत्रांत पत्र लिहून तक्रार केली आणि दार उघडून घेतलें. आठवड्याला जेमतेम अडीच डॉलर मिळविणाऱ्या पोराचें हें धारिष्ट! पुढच्या हजारों ग्रंथालयांचें बीज येथें पडलें.

त्याच्या उत्कर्षाची हकीकत लांबवीत नाहीं. १८५३ सालीं पेन्सिल्व्हेनिया रेल्वेंत तो महिना पस्तीस डॉलरांवर लागला, आणि सहा वर्षांत एका विभागाचा मुख्य अधिकारी झाला. भाग विकत घेणें, पूल बांधणाऱ्या कंपन्या काढणें, पुढें बेसेमरच्या रीतीनें पोलाद करणें, अशीं पावलें पडत गेलीं. १८६८ सालीं, तेहतीस वर्षांचा असतां, त्यानें स्वतःपुरतें एक टिपण लिहिलें: वर्षाला पन्नास हजार डॉलर पुरे आहेत, दोन वर्षांत धंद्यांतून निघावें, नाहींतर द्रव्याची पूजा करतां करतां आपली अधोगति होईल, असा त्याचा आशय होता. तो निघाला मात्र तेहतीस वर्षांनीं.

१८८६ सालीं त्यानें मासिकांत लेख लिहून संघ स्थापण्याचा कामगारांचा हक्क मान्य केला, आणि संपावर गेलेल्याच्या जागीं दुसरा माणूस भरणें बरें नव्हे असेंहि मत दिलें. १८८९ सालीं संपत्तीवर त्याचा प्रसिद्ध निबंध निघाला. थोड्यांच्या हातीं पैसा सांचणें अटळ आहे, व समाजाच्या प्रगतीस तें हितकर आहे. मात्र धनिक हा त्या पैशाचा केवळ विश्वस्त असून त्यानें तो हयातींतच लोकहितार्थ खर्चावा, असें त्याचें प्रतिपादन होतें. मोठ्या वारशांवर जबर कर बसवावा असेंहि तो म्हणे. परंतु त्याच निबंधांत दुसरा एक विचार आहे. हीच रक्कम थोडी थोडी करून सर्वांना मिळाली असती तर ती खाण्यापिण्यांत उडून गेली असती. एका शहाण्या हातांतून गेल्यानें तिचें अधिक चीज होतें, असें तो सांगतो.

येथें आम्ही अडखळतों. एक डॉलर वीस सेंटांनीं घरांत काय होतें, हें त्या लेखकाइतकें कोणास ठाऊक होतें?

निबंधास तीनच वर्षें झालीं आणि होमस्टेड येथील प्रकरण घडलें. मोनोंगाहेला नदीच्या कांठीं असलेल्या त्याच्या या कारखान्यांत सुमारें ३,८०० माणसें कामास होतीं. १८९२ च्या जूनअखेर कामगारसंघाशीं असलेला करार संपत होता. व्यवस्थापक हेन्री फ्रिक यानें मजुरीचे दर उतरविण्याचें ठरविलें, कारखान्याभोंवतीं उंच कुंपण घातलें आणि कामगारांना बाहेर ठेवून टाळें ठोकलें. ६ जुलै रोजीं पहांटे पिंकर्टन कंपनीचे तीनशें भाडोत्री शिपाई तराफ्यांतून आले. दिवसभर गोळीबार चालला. दोहोंकडील मिळून सुमारें दहा माणसें ठार झालीं. नंतर राज्याची ८,५०० फौज आली, आणि नोव्हेंबरांत संप मोडला.

कार्नेजी त्या वेळीं स्कॉटलंडांत सुटी घालवीत होता. बंदुका त्यानें मागविल्या नव्हत्या हें खरें. पण संघ मोडावयाचा बेत त्यास ठाऊक होता व मान्यहि होता. पुढें मजुरी खालीं आली. बारा तासांची पाळी रुळली. आणि दर पंधरवड्यास दिवसपाळी व रातपाळी यांची अदलाबदल होतांना एका तुकडीस सलग चोवीस तास भट्टीपुढें उभें राहावें लागे.

१८९८ सालीं त्याच होमस्टेडजवळ कार्नेजीनें सुंदर ग्रंथालय बांधून दिलें. त्यांत पुस्तकें होतीं, संगीतगृह होतें, पोहण्याचा हौदहि होता. बारा तास भट्टीपुढें राबून आलेला मनुष्य तेथें केव्हां जाणार, हा प्रश्न तेव्हांच कामगारांनीं विचारला होता. १९०४ सालीं व्हीलिंग या शहरानें तर कामगारसंघांच्या आग्रहावरून त्याचें ग्रंथालय मतदानानें नाकारलें.

१९०१ सालीं त्याचा सर्व धंदा ४८ कोटि डॉलरांस विकला गेला. त्यांपैकीं सुमारें साडेबावीस कोटि त्याचे एकट्याचे. विक्रीनंतर लगेच त्यानें जुन्या कामगारांच्या साहाय्यार्थ व पेन्शनासाठीं ४० लाख डॉलर दिले. त्यानें एकंदर २,५०९ ग्रंथालयांस पैसा दिला. अट एवढीच कीं, गांवानें जागा द्यावी व देणगीच्या एकदशांशाइतका वार्षिक खर्च सोसावा. मृत्यूपर्यंत सुमारें पस्तीस कोटि डॉलर त्यानें दिले. आणि पिटनक्रीफ? तें उपवन त्यानें १९०२ सालीं विकत घेतलें व डन्फर्मलिनच्या लोकांस कायमचें देऊन टाकिलें. भिंतीबाहेर उभ्या राहिलेल्या त्या मुलाकडे पाहिलें म्हणजे ही देणगी त्याच्या सर्व देणग्यांत आम्हांस अधिक गोड वाटते.

दात्यास नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार थोडाच आहे. परक्यांनीं दिलेल्या शिष्यवृत्तीवर आमचें स्वतःचें शिक्षण झालें. ती नसती तर हा लेख लिहिण्याइतकें शहाणपणहि आमच्याजवळ नसतें. तरी त्या शिष्यवृत्तीच्या मागें कोणाची पाळी बारा तासांची होती काय, हें विद्यार्थिदशेंत आम्हांस कधीं सुचलें नाहीं, आणि आतां तें मनांतून जात नाहीं.

११ ऑगस्ट १९१९ रोजीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील लेनॉक्स येथें कार्नेजी मरण पावला. होमस्टेडइतकी खोल जखम आपल्या आयुष्यांत दुसरी झाली नाहीं, असें त्याच्या आत्मचरित्रांत आहे. तें पुढील वर्षीं प्रसिद्ध झालें. पोलादाच्या भट्ट्यांवरील बारा तासांची पाळी १९२३ सालीं उठूं लागली. होमस्टेडचा कारखाना १९८६ सालीं बंद झाला. ग्रंथालय मात्र उघडें आहे.