आल्दुस मानुतिउस

वाचकहो, खिशांत मावणारें पुस्तक आपण सहज उचलतों. पण तें तसें प्रचारांत कोणीं आणिलें, हें थोड्यांसच ठाऊक असेल. आल्दुसचा जन्म १४५० च्या सुमारास इटलींतील बास्सियानो गांवीं झाला. तो मूळचा शिक्षक. पुढें व्हेनिस नगरीं त्यानें छापखाना घातला व १४९५ पासून ग्रीक ग्रंथ काढिले. त्या काळीं विद्वानांचे ग्रंथ बहुधा जड असून मेजावर ठेवूनच वाचावे लागत. १५०१ सालीं त्यानें व्हर्जिल कवीचीं काव्यें लहान आकारांत छापिलीं. कागदाचा ताव तीन वेळां दुमडिला म्हणजे आठ पानें, अर्थात् सोळा पृष्ठें होतात. तेंच हें माप. सभोंवतालची लांबलचक टीका त्यानें अजिबात गाळिली. अक्षरें तिरकीं व अरुंद, म्हणून ओळ थोडक्या जागेंत बसे. पुस्तकें मात्र कांहीं फार स्वस्त झालीं नाहींत.

हीं अक्षरें फ्रांचेस्को ग्रिफो ह्या कारागिरानें कोरिलीं होतीं. आल्दुसनें त्याची स्तुति ग्रंथांतच छापिली. परंतु त्या अक्षरांचा सरकारी हक्क स्वतःच्याच नांवें मिळविला! ग्रिफो त्यास सोडून गेला. इकडे ल्यों शहरच्या छापणाऱ्यांनीं निर्लज्जपणें नकला काढिल्या, तेव्हां १५०३ सालीं आल्दुसनें त्यांतील चुका छापून ग्राहकांस सावध केलें.

१५१५ च्या फेब्रुवारींत तो वारला. मंदिरांत त्याच्या देहाभोंवतीं त्याचींच पुस्तकें मांडून ठेविलीं होतीं.