मलबार हिलवर एक गाडी अडवली आणि इंदूरच्या महाराजांची गादी गेली

१२ जानेवारी १९२५. मुंबईत मलबार हिलवर एका गाडीला मागून दुसरी गाडी धडकली. त्यातून उतरलेल्या माणसांनी आतल्या तरुणीला बाहेर ओढायला सुरुवात केली. आडवा आलेला व्यापारी अब्दुल कादिर बावला याला त्यांनी गोळ्या घातल्या, तिच्या चेहऱ्यावर वार केले. गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी नेमके तिथं पोहोचले आणि ती वाचली. एका अधिकाऱ्यानं तर गोल्फची काठीच हत्यार म्हणून वापरली.

तरुणीचं नाव मुमताज बेगम. ती पळून आली होती इंदूरहून, तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबारातून.

तुकोजीरावांचा जन्म १८९० चा. वडील शिवाजीराव १९०३ साली पायउतार झाले आणि बाराव्या वर्षी पोराच्या डोक्यावर राज्य आलं. पूर्ण अधिकार मिळाले १९११ मध्ये. मुमताज त्यांच्या दरबारात गाणारी-नाचणारी होती, पुढं त्यांची रखेल झाली. आपल्यावर कायम पहारा असायचा, आपल्या तान्ह्या मुलीला मारून टाकलं, असं तिनं नंतर कोर्टात सांगितलं. मसुरीला नेत असताना ती दिल्ली स्टेशनवर उतरली आणि परत जायला तिनं साफ नकार दिला. पुढं ती मुंबईत बावलाकडे राहू लागली.

आता कायद्याचं बघू. दंड संहितेत दोन वेगळे शब्द आहेत. अल्पवयीन मुलाला पालकांच्या ताब्यातून नेलं तर ते अपनयन. सज्ञान माणसाला बळजबरीनं किंवा फसवून एखाद्या ठिकाणाहून न्यायचं, ते अपहरण. मात्र नुसतं अपहरण स्वतंत्र गुन्हा ठरत नाही. डांबून ठेवणं, खून असा त्यामागचा हेतू दाखवावा लागतो. आजच्या भारतीय न्याय संहितेत हीच कलमं १३७ आणि १३८ म्हणून आहेत. मुमताज सज्ञान होती. ती कुणाची कोण होती हा प्रश्नच नव्हता, तिला जायचं नव्हतं एवढं पुरेसं होतं.

मुंबई हायकोर्टात नऊ जणांवर खटला चालला. आरोपींमध्ये इंदूरच्या फौजेतले सरदार आनंदराव फणसेही होते आणि त्यांचे वकील होते बॅरिस्टर जिना! तिघांना फाशीची शिक्षा झाली. त्यातल्या एकाला वेड लागल्यानं फाशी दिली गेली नाही.

पण या माणसांना पाठवलं कुणी? हे कोर्टात कधीच सिद्ध झालं नाही. संस्थानिकावर ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कोर्टात खटलाच भरता येत नव्हता. सरकारनं तुकोजीरावांपुढं दोन पर्याय ठेवले, चौकशी आयोगाला सामोरं जा किंवा गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली आणि मुलगा यशवंतराव राजा झाला. म्हणजे चौकशीही टळली. प्याद्यांना फास आणि महाराजांना राजीनामा, असा हा हिशोब.

दोनच वर्षांनी तुकोजीराव पुन्हा पेपरात झळकले. अमेरिकेतल्या सिएटलच्या नॅन्सी मिलर हिच्याशी त्यांनी लग्न ठरवलं. नाशिकमध्ये तिनं हिंदू धर्म स्वीकारला, ती शर्मिष्ठादेवी झाली आणि मार्च १९२८ मध्ये बडवाहला लग्न लागलं. पुढची पन्नास वर्षं ते माजी महाराज म्हणून जगले. १९७८ साली पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. बावला प्रकरणात आरोपीच्या पिंजऱ्यात ते एकदाही उभे राहिले नाहीत.