सवाई गंधर्व : एका महोत्सवामागचे जीवन

पुण्याचा हिवाळा आणि सवाई गंधर्व महोत्सव यांचे नाते संगीतप्रेमी मराठी मनात पक्के रुजले आहे. अभनपूर-रायपूरकडे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतही डिसेंबर उजाडला की त्याची आठवण निघते. मात्र ज्यांच्या नावे हा सोहळा भरतो, त्यांचे चरित्र पुष्कळांना अपरिचित आहे.

रामचंद्र गणेश कुंदगोळकर तथा रामभाऊ यांचा जन्म १९ जानेवारी १८८६ रोजी धारवाड जिल्ह्यात, कानडी मुलखात झाला. किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यापाशी त्यांनी अनेक वर्षे तालीम घेतली. मूळचा आवाज सहज वळणारा नव्हता. तो त्यांनी अपार मेहनतीने घडविला. पुढे गुरूंची नाराजी पत्करून ते मराठी रंगभूमीवर उतरले. सुभद्रेसारख्या स्त्रीभूमिकांनी त्यांना कीर्ती दिली आणि वऱ्हाडात, अमरावतीस, ‘सवाई गंधर्व’ ही पदवी लाभली. बालगंधर्वांच्या त्या काळात हा मान लहान नव्हता.

रंगभूमी सोडल्यावर त्यांनी विद्यादानास वाहून घेतले. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास शिकावयास येत. भीमसेन जोशी गुरुगृही राहून पाणी भरण्यासारखी कामे करीत. फिरोज दस्तूर हेही त्यांचेच शिष्य. एकेक राग दीर्घकाळ घोटून घेण्याची त्यांची शिस्त कठोर होती. पुढे पक्षाघाताने गुरुजींचे गाणे थांबले. परंतु तोवर ते शिष्यांच्या कंठी उतरले होते. १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

जावई डॉ. नानासाहेब देशपांडे आणि भीमसेन यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये पहिली पुण्यतिथी साजरी झाली. आर्य संगीत प्रसारक मंडळाने हा भार वाहिला. सप्टेंबरातील पावसाच्या अडचणीमुळे उत्सव कालांतराने डिसेंबरात गेला. थोर गवई झाल्यावरही भीमसेन त्याच्या व्यवस्थेत जातीने लक्ष घालीत. २०११ मध्ये ते निवर्तले आणि गुरूंच्या नावाशेजारी शिष्याचेही नाव महोत्सवास जोडले गेले. समारोपास गुरुजींची भैरवीची ध्वनिमुद्रिका लावण्याची प्रथा पडली. अबोल झालेल्या गुरूस शेवटचा शब्द देण्याची ही रीत हृद्य आहे.

हे चरित्र आठवावे, ते याचसाठी. सतरंज्या अंथरणारे, वर्गणी जमविणारे हात दरवर्षी पुढे आले, तरच परमुलखातही आपले संचित पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप पोहोचते.