संत जनाबाई : नामदेवरायांच्या घरची पंधरावी



आपल्या जव्हार-मोखाड्याकडं दिवाळी सरली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. माणसं वीटभट्टीवर जातात. कितीतरी लेकरं आजीपाशी, मामाकडं नाहीतर आश्रमशाळेत मागं राहतात. दुसऱ्याच्या दारात वाढणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून दिंडीच्या शंभराव्या वर्षी जनाबाईंचं चरित्र इथं मांडतो.

जनाबाईंचा जन्म तेराव्या शतकातला, गाव परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड. पौष वारीला आपण त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या दर्शनाला जातो. तिथं उगम पावलेली गोदामाईच पुढं गंगाखेडावरून वाहते. वडील दमा, आई करुंड, दोघंही विठ्ठलाचे भक्त. घरची गरिबी, त्यात लोकांनी शूद्र ठरवलेली जात. आईचं छत्र लहानपणीच हरपलं. वडिलांनी पोर पंढरपूरला आणली आणि दामाशेटी शिंप्यांच्या पदरात घातली.

दामाशेटी आणि गोणाई यांचे चिरंजीव म्हणजे नामदेवराय, जन्म १२७० चा. जनीनं त्यांना अंगाखांद्यावर खेळवलं, असं जुनी माणसं सांगतात. पण खरं ते बोलावं. जनी त्या घरात आली ती दासी म्हणूनच. दळण, कांडण, सडा-सारवण, पाणी भरणं, गोवऱ्या थापणं, सगळं तिच्याच वाट्याला. पोरकेपणाचं दुःख तिनं लपवलं नाही. आपल्याला आता कुणी नाही, तूच सांभाळ, असं तिनं विठोबालाच सांगितलं. मग विठोबा तिच्या जात्याचा खुंटा धरू लागला, गोवऱ्या वेचू लागला, तिची वेणीही घालू लागला, अशी आपली श्रद्धा आहे.

तरी जगानं तिला सुखानं राहू दिलं नाही. देवाचं पदक चोरल्याचा आळ तिच्यावर आला. सुळावर द्यायला चंद्रभागेच्या वाळवंटी नेलं, तेव्हा सुळाचं पाणी झालं, असं सांगतात. अनाथावर आळ घेणं किती सोपं असतं, हे त्या कथेतून दिसतं.

नामदेवांच्या घरी अभंगाचं वारं होतं. दळता दळता जनीही रचू लागली. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांतल्या एकात तिनं घरची माणसं मोजली आहेत. सासू-सून, बाप-लेक, नामदेवांचे चार मुलगे, चार सुना, लेक आणि बहीण. चौदा झाली. शेवटी तिनं आपलं नाव घातलं. दासी म्हणूनच घातलं, पण घरच्यांच्या ओळीत घातलं.

शके १२७२, म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवराय महाद्वारी समाधिस्थ झाले. घरच्या मंडळींबरोबर जनाबाईही तिथंच विसावल्या, अशी परंपरा आहे. पंढरपूरजवळ गोपाळपुरात त्यांचं जातं आजही दाखवतात.

माउली, आपल्या घरी जात्यावर नाचणी दळताना या माईची आठवण ठेवा. भावकीतलं पोरकं लेकरू पंगतीला आलं, तर आपल्या पोरांच्या ओळीतच त्याचं पान मांडा. घरच्यांची नावं सांगताना त्याचंही नाव घ्या.

रामकृष्ण हरी.